लॅपटॉपवर सर्व्हर किती उतरवायचा? लोकल सेटअपच्या प्रश्नाचा आढावा

वेब ॲप्लिकेशनवर काम सुरू करणाऱ्या प्रत्येकाला कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी एक काम उरकावं लागतं. ज्या फ्रेमवर्कवर ते ॲप्लिकेशन उभं आहे, ते आपल्या यंत्रावर चालवून दाखवावं लागतं. फ्रेमवर्क जँगो असो, रेल्स असो, लाराव्हेल असो की मुंबईत घडलेलं फ्रापे, मार्गदर्शिकेत हे काम चार-पाच कमांडचं दिसतं. प्रत्यक्षात टीममध्ये नव्याने आलेल्या माणसाचा पहिला दिवस त्यातच जातो, कधी कधी पहिला आठवडाही. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हे वाक्य सॉफ्टवेअरच्या प्रत्येक ऑफिसात ऐकू येतं ते याच कामामुळे.

हे काम कसं करावं यावर गेली वीस वर्षं वाद चालू आहे. सगळं थेट आपल्या यंत्रावर बसवावं, कंटेनरमध्ये बंद करावं, की लॅपटॉपवर काही न ठेवता दूरच्या सर्व्हरवरच काम करावं? या वादाचा उगम, त्यातल्या मुख्य भूमिका आणि अजून न सुटलेले मुद्दे इथे क्रमाने मांडले आहेत.

पार्श्वभूमी: एका फोल्डरपासून बारा तत्त्वांपर्यंत

लिनक्स, अपाची, मायएसक्यूएल आणि पीएचपी या चौकडीला ‘लॅम्प’ हे नाव १९९८ मध्ये एका जर्मन संगणक मासिकातल्या लेखातून मिळालं. यातलं लिनक्स वगळता बाकीचे तीन घटक विंडोजवर एकाच इन्स्टॉलरने बसवून देणारं ‘झॅम्प’ २००२ मध्ये आलं. आपल्याकडच्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांमध्ये अनेकांनी वेबसाइट बनवण्याचा पहिला अनुभव घेतला तो यावरच. ‘एचटीडॉक्स’ फोल्डरमध्ये फाइल टाकायची आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट उघडायचं. पुढे तीच फाइल एफटीपीने सर्व्हरवर चढवायची. आपलं यंत्र आणि सर्व्हर यांच्यात फरक होता, पण सामानच थोडं असल्यामुळे तो जाणवत नसे.

२००४ मध्ये रेल्स आणि २००५ मध्ये जँगो आलं. रेल्स हे बेसकॅम्प या प्रॉडक्टच्या कोडमधून वेगळं काढलं गेलं, तर जँगो अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या वेब विभागात घडलं. दोन्हींनी डेव्हलपमेंटसाठी स्वतःचा छोटा सर्व्हर सोबत दिला. जँगोमध्ये ‘रनसर्व्हर’ म्हटलं की ८००० या पोर्टवर पान दिसतं. रेल्समध्ये तेच ३००० वर. सोय मोठी होती. मात्र हा सर्व्हर प्रॉडक्शनमध्ये वापरू नका, असा स्पष्ट इशारा जँगोच्या कागदपत्रांत आहे. म्हणजे लॅपटॉपवर चालतं ते एक आणि लोकांसमोर चालतं ते दुसरं, ही विभागणी फ्रेमवर्कच्या रचनेतच आली.

पुढे पॅकेजेस वाढली. एकाच यंत्रावरच्या दोन प्रोजेक्टना एकाच लायब्ररीची दोन व्हर्जन्स लागू लागली. पायथनसाठी २००७ मध्ये ‘व्हर्च्युअलएन्व्ह’ आलं. २०१२ मध्ये पायथन ३.३ पासून तशीच सोय ‘व्हेन्व्ह’ या नावाने भाषेतच मिळाली. रूबीसाठी २००९ मध्ये ‘आरव्हीएम’, तर २०१० मध्ये ‘बंडलर’ची पहिली पक्की आवृत्ती आली. कोणत्या पॅकेजचं नेमकं कोणतं व्हर्जन हवं हे लिहून ठेवणारी लॉक फाइल बंडलरने रूढ केली. परक्या पॅकेजवर आपण किती विसंबतो, हे जावास्क्रिप्टच्या जगाला मार्च २०१६ मध्ये कळलं. ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या ११ ओळींचं पॅकेज लेखकाने काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड अडकले. ते पॅकेजच नाहीसं झालं होतं, त्यामुळे नुसत्या लॉक फाइलने हा अपघात टळला नसता. पण आपण नेमकं काय वापरतो आणि ते कुठून येतं, हा प्रश्न त्या घटनेने सर्वांसमोर ठेवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘यार्न’ आणि २०१७ मध्ये खुद्द ‘एनपीएम’ लॉक फाइल घेऊन आलं.

वादाला तात्त्विक बैठक मिळाली ती २०११ मध्ये. हेरोकू या क्लाउड कंपनीच्या ॲडम विगिन्स यांनी ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’ या नावाने बारा तत्त्वं मांडली. त्यातलं दहावं तत्त्व असं की डेव्हलपमेंट आणि प्रॉडक्शन शक्य तितकं सारखं ठेवा. लॅपटॉपवर हलका डेटाबेस आणि सर्व्हरवर वेगळा, हा मोह टाळा. पुढची सगळी चर्चा या ‘शक्य तितकं’ची मर्यादा ठरवण्याभोवती फिरते.

पहिली भूमिका: थेट आपल्या यंत्रावर

भाषा, डेटाबेस आणि इतर साधनं सरळ ऑपरेटिंग सिस्टिमवर बसवावीत, असं पहिल्या पक्षाचं म्हणणं आहे. कोड बदलला की परिणाम लगेच दिसतो, डीबगर सहज जोडता येतो आणि मेमरी कमी लागते. शिवाय आपलं ॲप्लिकेशन कशाकशावर उभं आहे हे बसवणाऱ्याला कळतं. पाच वर्षांनी सर्व्हर बंद पडल्यावर जे ज्ञान लागतं त्याची सुरुवात इथे होते, असं हा पक्ष मानतो.

व्हर्जनची गुंतागुंत सोडवायला या पक्षाकडे चांगली साधनं आहेत. पायथनसाठी ‘पायएन्व्ह’, रूबीसाठी ‘आरबीएन्व्ह’, नोडसाठी ‘एनव्हीएम’. लाराव्हेलने २०२३ मध्ये ‘हर्ड’ आणून पीएचपी बसवणं जवळपास एका क्लिकवर आणलं. २०२४ मध्ये आलेलं ‘यूव्ही’ पायथनचं व्हर्जन, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट आणि पॅकेजेस ही तिन्ही कामं एकटं आणि फार वेगाने करतं.

अडचण येते ती भाषेच्या खालच्या थरात. जँगो पोस्टग्रेसशी जोडायला ‘सायकोपीजी२’ हे पॅकेज बरीच वर्षं वापरलं जातं. ते बसवताना ‘पीजी कॉन्फिग सापडत नाही’ असा संदेश येतो आणि नवखा माणूस पायथनमध्ये चूक शोधत बसतो. खरं कारण असं की हे पॅकेज यंत्रावरच कंपाइल होतं. त्यासाठी सी कंपायलर, पायथनच्या हेडर फाइल्स आणि पोस्टग्रेसच्या क्लायंट लायब्ररीच्या हेडर फाइल्स आधी असाव्या लागतात, आणि ती यादी कुठल्याही लॉक फाइलमध्ये नसते. तयार बायनरी पॅकेज मिळतं, पण प्रॉडक्शनसाठी ते वापरू नये, कंपाइल करून घ्यावं, असा त्याच्या कर्त्यांचाच सल्ला आहे. म्हणजे सोपा रस्ता घेतला की लॅपटॉप आणि सर्व्हर यांच्यात पुन्हा फरक पडतो.

जुन्या सवयींनाही आता अटकाव होतो. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये ‘पिप’ने थेट पॅकेज टाकायला गेलं की नकार मिळतो आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा असं सुचवलं जातं. अनेक जुन्या मार्गदर्शिका त्या दिवसापासून पहिल्याच पायरीवर अडखळतात. विंडोजवर काम करणाऱ्यांचा प्रश्न मायक्रोसॉफ्टच्या ‘डब्ल्यूएसएल’ने, विशेषतः २०२० पासून सर्वांना मिळालेल्या दुसऱ्या आवृत्तीने, पुष्कळ हलका केला. तिथेही एक पथ्य आहे. प्रोजेक्टच्या फाइल्स सी ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या भागातच ठेवाव्या लागतात, नाहीतर प्रत्येक कमांड रेंगाळते.

दुसरी भूमिका: सगळं पेटीबंद

दुसऱ्या पक्षाचं म्हणणं असं की यंत्रं वेगवेगळी असणारच, म्हणून ॲप्लिकेशनने यंत्रावर विसंबून राहू नये. मिचेल हाशिमोटो यांनी २०१० मध्ये ‘व्हेग्रंट’ आणलं. एक फाइल वाचून ते अख्खं व्हर्च्युअल मशीन उभं करत असे. टीममधल्या प्रत्येकाला सारखंच लिनक्स मिळू लागलं, पण ते जड होतं.

मार्च २०१३ मध्ये पायकॉन परिषदेत सोलोमन हाइक्स यांनी काही मिनिटांत ‘डॉकर’ दाखवलं. कंटेनर होस्टचाच कर्नल वापरतो, म्हणून क्षणात सुरू होतो. पुढच्या वर्षी ‘डॉकर कंपोज’ आलं आणि ॲप्लिकेशन, डेटाबेस, कॅश हे सगळं एका फाइलमध्ये लिहून एका कमांडने सुरू करता येऊ लागलं. या पक्षाचे दाखले ठोस आहेत. पोस्टग्रेसचं नेमकं व्हर्जन सगळ्यांकडे सारखं राहतं. एका प्रोजेक्टचा डेटाबेस दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. काम संपलं की सगळं पुसता येतं. २०१९ मध्ये व्हीएस कोडने एडिटरच कंटेनरमध्ये जोडायची सोय दिली. २०२४ मध्ये रेल्स ७.२ ने नवं ॲप्लिकेशन तयार करतानाच अशा कंटेनरची, म्हणजे ‘डेव्ह कंटेनर’ची, फाइल मागून घेण्याचा पर्याय दिला.

या मार्गाचा खर्चही तितकाच ठोस आहे. मॅक आणि विंडोजवर लिनक्सचे कंटेनर थेट चालत नाहीत, त्यांच्याखाली एक लिनक्स व्हर्च्युअल मशीन असतंच. लॅपटॉपवरची फाइल त्या सीमेपलीकडून वाचायला वेळ लागतो, आणि ‘नोड मॉड्यूल्स’सारख्या हजारो फाइल्सच्या फोल्डरात तो चांगलाच जाणवतो. २०२० च्या अखेरीस ॲपलने स्वतःची चिप आणली तेव्हा इंटेलसाठी बनलेल्या इमेज नव्या मॅकवर इम्युलेशनने रखडत चालू लागल्या. २०२१ मध्ये ‘डॉकर डेस्कटॉप’चा परवाना बदलला. २५० पेक्षा जास्त कर्मचारी किंवा १ कोटी डॉलरपेक्षा जास्त वार्षिक उत्पन्न असलेल्या कंपन्यांना पैसे भरणं आवश्यक झालं आणि अनेकांनी पर्याय शोधले.

या पक्षावर एक सैद्धांतिक आक्षेपही आहे. इमेज सारखी असली तरी परिस्थिती सारखी नसते. प्रॉडक्शनमध्ये डेटाबेस क्लाउड कंपनीचा असतो, पुढे एचटीटीपीएस आणि प्रॉक्सी असते, डेटा लाखो ओळींचा असतो. कंटेनरमध्ये यातलं काही आपोआप येत नाही. समर्थकांचं उत्तर असं की सगळा फरक मिटत नसला तरी जो मिटवता येतो तो मिटवावा.

तिसरी आणि चौथी वाट

तिसरी भूमिका लॅपटॉपच बाजूला ठेवते. गिटहबने २०२० मध्ये ‘कोडस्पेसेस’ जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी आपला इंजिनिअरिंग विभाग त्यावर हलवल्याचं सांगितलं. त्यांच्या मुख्य रेपॉझिटरीचा आकार सुमारे १३ जीबी होता आणि सुरुवातीला एक कोडस्पेस उभा करायलाच ४५ मिनिटं लागत. आधी सगळं तयार करून ठेवण्याच्या युक्तीने तो वेळ १० सेकंदांवर आला, असा कंपनीचा दावा आहे. इतका मोठा कोड असणाऱ्यांसाठी हा फायदा निर्विवाद आहे. साध्या लॅपटॉपवरही मोठं काम होऊ शकतं. बदल्यात सलग चालणारं इंटरनेट लागतं, तासागणिक बिल येतं आणि प्रवासात काम थांबतं.

चौथी वाट ‘निक्स’ची. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांच्या संशोधनातून २००३ मध्ये ती सुरू झाली. प्रत्येक पॅकेज त्याच्या सर्व घटकांसह नेमकेपणाने वर्णन करायचं आणि वेगळ्या जागी ठेवायचं, हा तिचा गाभा आहे. पोस्टग्रेसच्या हेडर फाइल्सची जी यादी लॉक फाइलमध्ये येत नाही, ती इथे येते, आणि तीही कंटेनरशिवाय. तात्त्विकदृष्ट्या चारही वाटांमध्ये ही सर्वांत चोख आहे. पण तिची स्वतंत्र भाषा शिकावी लागते आणि ते शिक्षण सोपं नाही, म्हणून तिचे चाहते निष्ठावान असले तरी संख्येने मर्यादित राहिले आहेत.

एक उदाहरण जवळून: फ्रापे

या सगळ्या भूमिका एकाच ठिकाणी पाहायच्या तर फ्रापे हे चांगलं उदाहरण आहे. मुंबईच्या फ्रापे टेक्नॉलॉजीजचं हे ओपन सोर्स फ्रेमवर्क ‘ईआरपीनेक्स्ट’ या व्यवसाय व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरचा पाया आहे. ते बसवायला ‘बेंच’ नावाचं साधन लागतं. बेंचने आधी फोल्डर तयार करायचा, मग नवी साइट करायची, मग ‘बेंच स्टार्ट’ म्हणायचं. पण त्याआधी यंत्रावर पायथन, नोड, यार्न, मारियाडीबी हा डेटाबेस आणि रांग व कॅशसाठी रेडिस हवेत, आणि पीडीएफसाठी ‘डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ’ हवं.

पहिली ठेच बहुधा मारियाडीबीवर लागते. उबुंटूवर तिचा रूट वापरकर्ता पासवर्डने नव्हे तर सिस्टिमच्या खात्यावरून ओळखला जातो. त्यामुळे नवी साइट करताना पासवर्ड दिला तरी प्रवेश नाकारला जातो. बिघाड फ्रेमवर्कचा नसतो, कोडचाही नसतो.

‘बेंच स्टार्ट’ केल्यावर एकाच टर्मिनलमध्ये बरेच प्रोसेस बोलू लागतात. वेब सर्व्हर, सॉकेट, जावास्क्रिप्टवर नजर ठेवणारा वॉचर, शेड्युलर, वर्कर आणि रेडिसचे प्रोसेस. यातला वर्कर बंद असला तरी पानं नीट दिसतात, फक्त रांगेत टाकलेला मेल जात नाही. कोणती साइट दाखवायची हे ब्राउझरमधल्या होस्टच्या नावावरून ठरतं, म्हणून ते नाव होस्ट्स फाइलमध्ये नसेल तर साइट तयार असूनही सापडत नाही.

पीडीएफचा मुद्दा आणखी बोलका आहे. इनव्हॉइसच्या प्रत्येक पानावर हेडर-फूटर हवं तर ‘डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ’ची, ते ज्या ‘क्यूटी’ लायब्ररीवर उभं आहे तिच्यात दुरुस्ती केलेली आवृत्ती लागते. उबुंटूच्या भांडारातून येणारी आवृत्ती तशी नसते. इनव्हॉइस तयार होतं, चूक झाल्याचा संदेश येत नाही, पण हेडर येत नाही. शिवाय त्या साधनाची मूळ रेपॉझिटरी २०२३ च्या आरंभी बंद करण्यात आली.

फ्रापे स्वतः दोन्ही वाटा देतं: बेंच थेट यंत्रावर बसवा किंवा तयार डॉकर फाइल्स आणि डेव्ह कंटेनर वापरा. कोणती निवडावी हे प्रत्येक टीमवर सोपवलेलं आहे.

साम्य कुठे मोलाचं ठरतं

लॅपटॉप आणि सर्व्हर यांच्यातला प्रत्येक फरक सारखा घातक नसतो. वेब सर्व्हर वेगळा असला तर क्वचित बिघडतं. डेटाबेस वेगळा असला तर मात्र मराठी वापरकर्त्यालाही फटका बसतो. जँगोचं नवं प्रोजेक्ट सुरुवातीला एसक्यूलाइटवर चालतं. एसक्यूलाइट मुळात बाइटच्या क्रमाने मजकूर लावतं. युनिकोडमध्ये ‘ळ’ची जागा ‘व’च्या आधी आहे, तर आपल्या वर्णमालेत ती ‘ह’नंतर. त्यामुळे एसक्यूलाइटच्या यादीत ‘काळे’ आधी आणि ‘कावळे’ नंतर येतात, मराठी क्रमाने नेमकं उलट हवं. पोस्टग्रेसमध्ये हा क्रम डेटाबेस तयार करताना निवडलेल्या लोकेलवर अवलंबून असतो. लॅपटॉपवरची यादी पाहून ‘क्रम बरोबर आहे’ असं म्हणणं म्हणूनच अर्थहीन ठरतं.

वेळेचंही तसंच. आपला लॅपटॉप भारतीय वेळेवर, सर्व्हर बहुधा यूटीसीवर. यंत्राच्या घड्याळावरून ‘आज’ काढणारा कोड मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरवर कालची तारीख देतो. दिवसा चाचणी करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. फाइलच्या नावातल्या मोठ्या-लहान इंग्रजी अक्षरांचा फरक मॅक आणि विंडोज सहसा मानत नाहीत, लिनक्स मानतं. लॅपटॉपवर दिसणारा लोगो सर्व्हरवर गायब होतो तो यामुळे.

साम्य साधण्याची उलट दिशाही आता पुढे आली आहे. नोव्हेंबर २०२४ च्या रेल्स ८ ने रांग, कॅश आणि सॉकेट यांच्यासाठी रेडिसची गरज काढून टाकली. ही कामं डेटाबेसवरच चालतात आणि एसक्यूलाइट प्रॉडक्शनमध्ये वापरण्याचा रस्ता मोकळा झाला. लॅपटॉपला सर्व्हरसारखं जड करण्याऐवजी सर्व्हरच लॅपटॉपइतका साधा ठेवावा, असा हा विचार आहे. मोठ्या प्रणालींना तो कितपत मानवेल यावर मतभेद आहेत.

न सुटलेले मुद्दे

पहिला मुद्दा सुरक्षिततेचा. पॅकेज बसवताना त्यातली स्क्रिप्ट आपल्या यंत्रावर चालू शकते. २०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या लोकप्रिय पॅकेजमधून घातक कोड पसरला होता. आता कोड लिहून स्वतःच चालवणारी एआय साधनंही लॅपटॉपवर आली आहेत. त्यामुळे कंटेनरकडे आता कुंपण म्हणूनही पाहिलं जातं. पण होस्टचे फोल्डर आणि चाव्या आत दिलेल्या असतील तर ते कुंपण किती टिकतं, हे स्पष्ट झालेलं नाही.

दुसरा मुद्दा डेटाचा. खऱ्यासारखी चाचणी हवी तर खरा डेटा हवासा वाटतो, पण ग्राहकांची माहिती लॅपटॉपवर उतरवणं धोक्याचं आहे. ती माहिती जपण्याची जबाबदारी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही आहे. ओळख पुसलेला, तरीही वास्तवाच्या जवळचा डेटा कसा तयार करावा, याची सर्वमान्य रीत नाही.

तिसरा मुद्दा शिकणाऱ्यांचा. ४ जीबी मेमरीचा लॅपटॉप आणि मोबाइलच्या डेटावरचं इंटरनेट असलेल्या विद्यार्थ्याला शेकडो एमबींच्या इमेज उतरवायला सांगणं म्हणजे त्याला दाराबाहेर ठेवणं. उलट, सगळं हाताने बसवायला लावलं तर तो फ्रेमवर्कपर्यंत पोचतच नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मराठीसह भारतीय भाषांत सॉफ्टवेअरचे धडे देऊन भाषेची अडचण कमी केली, पण यंत्राची अडचण उरतेच. सेटअप हा शिकण्याचा भाग मानावा की अडथळा, यावर शिक्षकांमध्येही दोन मतं आहेत.

चौथा मुद्दा मोजमापाचा. रेपॉझिटरी उतरवल्यापासून पहिलं पान दिसेपर्यंतचा वेळ मोजावा, कोड बदलल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा, की प्रॉडक्शनमध्ये उघड झालेल्या फरकांची संख्या? पहिला निकष क्लाउडला झुकतं माप देतो, दुसरा थेट बसवण्याला, तिसरा कंटेनरला. वाद मिटत नाही याचं एक कारण हेच आहे.

कुठवर आलो आहोत

मतभेद असूनही काही गोष्टींवर सहमती झाली आहे. व्हर्जन्स लॉक फाइलमध्ये नोंदवलीच पाहिजेत. डेटाबेस प्रॉडक्शनमध्ये असेल तोच, त्याच व्हर्जनचा आणि त्याच लोकेलचा हवा. गुप्त चाव्या कोडमध्ये नकोत. भाषा थेट यंत्रावर आणि डेटाबेस, रेडिस कंटेनरमध्ये, ही मधली वाट अनेक टीम वापरतात, कारण तिच्यात वेग आणि साम्य दोन्ही बऱ्याच अंशी हाती लागतं.

साधन कोणतंही असो, सेटअपच्या सूचना जुन्या होतात. पायथन बदलतं, उबुंटू बदलतं, एखादी रेपॉझिटरी बंद होते. म्हणून त्या सूचना कोडइतक्याच जपायला हव्यात. शक्य तितक्या स्क्रिप्टमध्ये घाला, सीआयमध्ये कोऱ्या यंत्रावर नेमाने चालवून पाहा, आणि टीममध्ये नवा माणूस आला की त्याला जिथे अडलं ती ओळ त्याच्याच हातून दुरुस्त करून घ्या. चारही पक्षांना मान्य होईल असं हे काम आहे आणि त्यासाठी कुठलाही वाद मिटण्याची वाट पाहावी लागत नाही.